प्रौढांमधला मेनिन्गोकोकल आजार : वेळेत ओळखायचा कसा आणि पहिल्या तासात करायचं काय

समजा, तिशीतला एक धडधाकट माणूस आहे. सकाळपासून अंग कसकसतंय. दुपारी हुडहुडी भरून ताप चढला, दोनदा उलटी झाली, आणि पाय इतके दुखायला लागले की जिना उतरवेना. डॉक्टरांनी तपासलं, घसा थोडा लाल दिसला, तापाची गोळी दिली आणि ‘व्हायरल आहे, दोन दिवस विश्रांती घ्या’ म्हणून घरी पाठवलं. रात्री नऊच्या सुमारास त्याचे हातपाय गार पडलेत, बोलण्याचा मेळ लागत नाही आणि पोटऱ्यांवर जांभळे ठिपके उठलेत.

दुपारी तपासणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. त्या घडीला हा माणूस आणि साध्या तापाचे इतर शंभर रुग्ण यांच्यात फरक करता येण्याजोगं फार काही नव्हतं. घात झाला तो मधल्या सात-आठ तासांत त्याला कुणी पुन्हा नीट बघितलं नाही म्हणून. हा आजार तासांच्या हिशेबाने चालतो, दिवसांच्या नाही. त्यामुळे एकदा बघून समाधान मानायचं नाही, पुन्हा बघायचं, आणि संशय आला की तपासण्यांसाठी औषध अडवायचं नाही. लेखाचा पहिला भाग घरच्यांसाठी आहे, पुढचा पहिल्या फळीत काम करणाऱ्या डॉक्टर आणि परिचारिकांसाठी. घरच्यांनी पुढचाही वाचावा. रुग्णालयात घाई कशाची चालली आहे ते कळलं की धीर राहतो.

जंतू एक, रूपं दोन

या जंतूचं नाव नायसेरिया मेनिन्जायटिडिस, म्हणजेच मेनिन्गोकोकस. त्याच्या साथीचं पहिलं नेमकं वर्णन १८०५ साली जिनिव्हात झालं, आणि १८८७ मध्ये व्हिएन्नाच्या आंतोन वाइक्सेलबाउम यांनी रुग्णांच्या मणक्यातल्या पाण्यात तो शोधून काढला. माणसाखेरीज याला दुसरं घर नाही. साधारण दर दहा प्रौढांपैकी एकाच्या नाका-घशाच्या मागच्या भागात तो काहीही त्रास न देता मुक्काम करून असतो. म्हणून ‘कुणाकडून आला’ याचा शोध घेत एखाद्यावर बोट ठेवण्यात अर्थ नाही. तो पसरतो लाळेतून, चुंबनातून, खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून, आणि तोही बराच काळ अगदी जवळ राहिल्यावर. शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत बहुधा तीन-चार दिवस जातात. कधी दोन, कधी दहा.

घशातून तो रक्तात उतरला की दोन वाटा फुटतात. एक मेंदूच्या आवरणाकडे जाते, तो मेंदूज्वर, म्हणजेच मेनिन्जायटिस. दुसऱ्या वाटेत तो रक्तातच बेसुमार वाढतो, त्याला सेप्सिस म्हणतात. बऱ्याच रुग्णांत दोन्ही एकत्र असतात. यातली दुसरी वाट जास्त जीवघेणी, आणि नेमकी तिथेच फसगत होते. मान आखडलेली नसते, डोकं फारसं दुखत नसतं, माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर राहून नीट उत्तरं देत असतो. आत मात्र जंतूच्या आवरणातून सुटलेलं विष रक्तवाहिन्यांचं अस्तर निकामी करत असतं. वाहिन्यांतून पाणी झिरपतं, रक्तदाब ढासळतो, आणि त्याच वेळी बारीक वाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या होऊ लागतात. त्वचेवरचे जांभळे डाग म्हणजे हीच गोष्ट आपल्याला बाहेरून दिसते. मूत्रपिंडात, त्याच्या वरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रेनल) ग्रंथींत, बोटांच्या टोकांत तेच चाललेलं असतं.

उपचार मिळूनही शंभरातले दहा ते पंधरा रुग्ण दगावतात. जे वाचतात त्यांतल्या दर पाच ते दहा जणांमागे एकाला बहिरेपण, मेंदूची इजा किंवा बोटं-पाय गमावणं असं काहीतरी कायमचं सोबत घेऊन जगावं लागतं. उपचार नसतील तर मेंदूज्वराचे निम्मे रुग्ण जातात.

पहिली पायरी : ठिपक्यांची वाट न बघता ओळखणं

पुस्तकातली लक्षणं सगळ्यांना पाठ असतात : ताप, मान आखडणं, शुद्ध हरपत जाणं. पण जंतूमुळे मेंदूज्वर झालेल्या प्रौढांचा मोठा अभ्यास झाला तेव्हा ही तिन्ही लक्षणं एकत्र जेमतेम ४४ टक्के रुग्णांत सापडली. मात्र डोकेदुखी, ताप, मान आखडणं आणि शुद्धीतला बदल या चारांपैकी कोणतीही दोन लक्षणं ९५ टक्के रुग्णांत होती. तेव्हा तिघांची जुळणी होण्याची वाट बघू नका. चारांपैकी दोन दिसली की संशय घ्यायला ती पुरेशी आहेत.

सेप्सिसची सुरुवात याहून मुकी असते. अंगात ताप फणफणतोय, पण तळहात आणि पावलं थंडगार. त्वचा फिकट, राखाडी किंवा डाग पडल्यासारखी. पायांचे स्नायू असे दुखतात की माणूस विव्हळतो, आणि ना कुठे मार लागलेला, ना फार चालणं झालेलं. श्वास भरभर चालतो. कधी उलट्या-जुलाब आणि पोटदुखीच पुढे असते. या जंतूच्या वेगवेगळ्या गटांपैकी विशेषतः डब्ल्यू गटात हे दिसतं, आणि मग ‘पोट बिघडलंय’ म्हणून वेळ जातो. मुलांवरच्या अभ्यासात पायदुखी, गार हातपाय आणि त्वचेचा बिघडलेला रंग ही लक्षणं मान आखडण्याच्या कितीतरी तास आधी आलेली दिसली. प्रौढांतही ती शोधायला हवीत, आणि ती शोधायला कुठलंही यंत्र लागत नाही.

प्रौढांत आणखी दोन ठिकाणी नजर चुकते. तरुण माणूस पार्टीहून आल्यावर बरळत पडला असेल तर ‘जास्त झाली असेल, झोपू दे’ असं म्हणून त्याला सोडून देतात. आणि वयस्क माणसाला ताप फारसा चढतच नाही, फक्त तो अचानक गोंधळतो, ओळख विसरतो किंवा बिछान्यातून उठत नाही. पहिल्याच्या कपाळाला आणि पावलांना हात लावून बघा. दुसऱ्याच्या बाबतीत ‘वयाचं आहे’ हे वाक्य आपल्या तोंडून येतंय का, ते बघा.

एक प्रश्न मी नेहमी घरच्यांना विचारायला सांगेन : ‘याला आधी ताप आला होता तेव्हा हा असा होता का?’ ‘नाही डॉक्टर, असा कधीच बघितला नव्हता,’ हे उत्तर कुठल्याही रक्ततपासणीइतकं गांभीर्याने घ्यावं.

पुरळ बघायचा कसा

खोलीतला दिवा लावा. पांघरूण आणि कपडे बाजूला करा; अर्धवट वर केलेल्या बाहीतून काही कळत नाही. पोटऱ्या, घोटे, मांड्या, कंबरेवर पट्टा किंवा इलॅस्टिक रुततं ती जागा, काखा, पाठ असं सगळं बघायचं. सुरुवातीचा ठिपका टाचणीने टोचल्यावर येणाऱ्या रक्ताच्या थेंबाएवढा असतो. तो सपाट, लालसर-जांभळा असतो आणि खाजत नाही. आता स्वच्छ काचेचा पेला घ्या आणि त्याची बाजू ठिपक्यावर घट्ट दाबा. काचेतून बघताना साधा पुरळ फिका पडून नाहीसा होतो, कारण वाहिनीतलं रक्त दाबाने बाजूला सरतं. हा ठिपका मात्र जसाच्या तसा दिसत राहतो, कारण ते रक्त वाहिनीबाहेर त्वचेत सांडलेलं असतं.

त्वचा सावळी किंवा काळी असेल तर पोटरीवर हे ठिपके चटकन कळत नाहीत. मग तळहात, तळपाय, टाळू आणि खालची पापणी ओढून आतला भाग बघावा.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. सुरुवातीचा पुरळ काचेखाली फिका पडूही शकतो आणि तासाभरात त्याचं रूप बदलतं, म्हणून आपण पेनाने ठिपक्यांच्या कडेला खूण करून अर्ध्या तासाने पुन्हा बघावं. आणि मेंदूज्वराच्या बऱ्याच रुग्णांना पुरळ येतच नाही. पुरळ नाही म्हणून हा आजार नाही, असं कधीच म्हणता येत नाही.

दुसरी पायरी : घरून निघताना

तापासोबत न फिकट होणारे ठिपके, किंवा ताप आणि बोलण्यात गोंधळ, किंवा ताप, असह्य डोकेदुखी आणि मान आखडणं, यातलं काहीही दिसलं तर सरळ अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा किंवा आयसीयू असलेल्या रुग्णालयात जा. उद्या सकाळची वेळ घेऊ नका. फोनवर आणि दारातही ‘मेनिन्जायटिस किंवा सेप्सिसचा संशय आहे’ असं स्पष्ट म्हणा. नुसतं ‘ताप आहे’ म्हटलं तर रांगेत बसवलं जाण्याची शक्यता असते. घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी देऊ नका. तिने हा आजार आटोक्यात येत नाही, उलट तपासण्या गढुळतात.

रुग्णाला कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, प्लीहा काढलेली आहे का, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत का, आणि पहिलं लक्षण किती वाजता सुरू झालं, हे कागदावर लिहून न्या. धावपळीत तोंडी माहिती हमखास हरवते.

तिसरी पायरी : दवाखान्यातल्या डॉक्टरांसाठी

पाय किंवा मान वाकवून मेंदूज्वर ताडण्याच्या कर्निग आणि ब्रुडझिन्स्की या खुणांवर विसंबू नका. त्या सापडल्या तर मोलाच्या, पण प्रौढांच्या एका अभ्यासात मेंदूज्वर असलेल्या दर वीस रुग्णांपैकी सुमारे एकातच त्या मिळाल्या. त्यापेक्षा श्वासाची गती मोजा, नखावर पाच सेकंद दाब देऊन सोडा आणि रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागतात का बघा, रक्तदाब आणि साखर घ्या.

संशय पक्का असेल आणि रुग्णालय तासाभराहून दूर असेल तर निघण्यापूर्वी सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन २ ग्रॅम किंवा बेंझिलपेनिसिलिन १.२ ग्रॅम शिरेतून द्या. शीर मिळाली नाही तर स्नायूत. औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ चिठ्ठीवर लिहा. रुग्णालय जवळ असेल तर इंजेक्शनसाठी गाडी थांबवू नका. घरी पाठवायचा निर्णय झालाच तर ‘बरं नाही वाटलं तर या’ एवढ्यावर सोडू नका. काय दिसलं की यायचं, किती तासांनी पुन्हा तपासायचं आणि रात्री त्याच्याजवळ कोण जागं असेल, हे तिन्ही ठरवूनच पाठवा.

चौथी पायरी : रुग्णालयातला पहिला तास

श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मग ग्लासगो कोमा स्केल (शुद्ध किती आहे ते गुणांत मोजणारी मोजपट्टी) आणि त्वचेची तपासणी. वरिष्ठ डॉक्टरांना आणि आयसीयूला आत्ताच कळवा, रुग्ण खचल्यावर नाही. तरुण शरीर शेवटच्या घडीपर्यंत रक्तदाब टिकवून धरतं आणि मग एकदम कोसळतं. रुग्णाला मास्क लावून वेगळ्या खोलीत ठेवा.

दोन जाड सुया टाका आणि त्याच वेळी रक्त घ्या : ब्लड कल्चर, रक्तपेशी, साखर, लॅक्टेट, मूत्रपिंडाच्या तपासण्या, रक्त गोठण्याच्या तपासण्या, आणि मेनिन्गोकोकल पीसीआरसाठी (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) इडीटीए नळी. अँटिबायोटिक दिल्यानंतरही पीसीआर जंतूचा माग काढू शकतं, म्हणून ती नळी विसरू नका. घशाचा स्वॅबही घ्या. अहवालात पांढऱ्या पेशी कमी आल्या तर हायसं वाटून घेऊ नका. कमी पांढऱ्या पेशी, कमी प्लेटलेट, झपाट्याने पसरणारा पुरळ आणि आखडलेल्या मानेचा अभाव या इथे वाईट खुणा आहेत.

आता मणक्यातल्या पाण्याचा प्रश्न. ते अँटिबायोटिकच्या आधी मिळालं तर उत्तम. औषध शिरेत गेल्यावर दोन तासांतच कल्चरमध्ये मेनिन्गोकोकस मिळेनासा होऊ शकतो. पण ही लंबर पंक्चर (मणक्यात सुई घालून पाणी काढणं) तासाच्या आत होणार असेल तरच आधी करायची. शॉक, झपाट्याने पसरणारा पुरळ, श्वासाची अडचण किंवा रक्त गोठण्यात बिघाड असेल तर ती पुढे ढकला आणि औषध लगेच द्या. सीटी स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. कोमा स्केल १२ किंवा त्याहून कमी, शरीराच्या एका बाजूची कमजोरी, डोळ्याच्या पडद्यावर सूज किंवा न थांबणाऱ्या फिट असतील तरच आधी स्कॅन, आणि तेव्हाही औषध स्कॅनच्या आधी. स्कॅनच्या रांगेत बिनऔषधाचा रुग्ण स्ट्रेचरवर पडून राहतो, यापेक्षा टाळता येण्याजोगी चूक या आजारात दुसरी नाही.

सुई बसली की आधी दाब मोजा. मग पहिली नळी उजेडात धरा आणि तिच्यामागे छापील कागद धरून बघा. निरोगी पाण्यातून अक्षरं स्वच्छ वाचता येतात. जंतूच्या मेंदूज्वरात बहुधा ती धूसर होतात किंवा दिसतच नाहीत. प्रयोगशाळेचा आकडा यायच्या आधी हे उत्तर हातात असतं. त्याच वेळी रक्तातली साखरही घ्यायची, कारण मणक्यातल्या पाण्यातली साखर तिच्या तुलनेतच वाचायची असते. ती रक्तातल्या साखरेच्या ४० टक्क्यांहून कमी, प्रथिनं वाढलेली आणि पेशी बहुतांशी न्यूट्रोफिल असतील तर निदान जवळपास ठरलं. नमुना ग्राम स्टेन, कल्चर आणि पीसीआर या तिन्हींसाठी पाठवा.

पाचवी पायरी : औषधं

सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन २ ग्रॅम शिरेतून दर १२ तासांनी, किंवा सेफोटॅक्झिम २ ग्रॅम दर ६ तासांनी. सुरुवातीला जंतू कोणता हे ठाऊक नसतं, म्हणून साठीपुढच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाला लिस्टेरिया या दुसऱ्या जंतूसाठी अ‍ॅम्पिसिलिन २ ग्रॅम दर ४ तासांनी जोडतात; काही मार्गदर्शिका ही वयाची रेषा पन्नासवर ओढतात. मेंदूज्वर करणारा आणखी एक जंतू म्हणजे न्यूमोकोकस; तो पेनिसिलिनला न जुमानणारा आढळतो असा भाग असेल तर व्हँकोमायसिनही. पेनिसिलिनने अंगावर थोडा पुरळ आल्याचा जुना इतिहास सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन नाकारायला पुरेसा नाही. खरोखर जीवघेणी अ‍ॅलर्जी झालेली असेल तर क्लोरॅम्फेनिकॉल २५ मिलिग्रॅम प्रतिकिलो दर ६ तासांनी.

मेंदूज्वराचा संशय असेल तर सूज कमी करणारं स्टेरॉइड डेक्सामेथासोन १० मिलिग्रॅम पहिल्या अँटिबायोटिकसोबत किंवा किंचित आधी, मग दर ६ तासांनी. त्याचा खरा फायदा न्यूमोकोकसमध्ये आहे. मेनिन्गोकोकस सिद्ध झाला की बहुतेक ठिकाणी ते थांबवतात. मेंदूज्वर नसलेल्या नुसत्या सेप्सिसमध्ये ते देत नाहीत.

जंतू सिद्ध झाल्यावर सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनच चालू ठेवता येतं, किंवा जंतू संवेदनशील असेल तर बेंझिलपेनिसिलिन २.४ ग्रॅम दर ४ तासांनी. रुग्ण सावरला असेल तर पाच ते सात दिवस पुरतात. यापुढे लांबवून काही हाती लागत नाही. पूर्ण उपचार पेनिसिलिनवर झाले असतील तर शेवटी सिप्रोफ्लोक्सासिन ५०० मिलिग्रॅमचा एक डोस द्यावा, कारण पेनिसिलिनने घशातला जंतू खात्रीने जात नाही.

शॉक असेल तर सलाईन ५०० मिलिलिटरच्या हप्त्याने वेगात द्या आणि प्रत्येक हप्त्यानंतर रुग्णाकडे परत बघा : नाडी, रक्तदाब, लघवी, फुफ्फुसांत पाणी साठल्याचा आवाज. पहिल्या तीन तासांत ३० मिलिलिटर प्रतिकिलोपर्यंत लागू शकतं. तरीही सरासरी रक्तदाब ६५ च्या खाली राहिला तर नॉरअ‍ॅड्रेनालिन सुरू करा. मोठी शीर मिळेपर्यंत ते हातातल्या चांगल्या शिरेतून चालतं. त्यानेही दाद मिळाली नाही तर हायड्रोकॉर्टिसोन, दिवसाला २०० मिलिग्रॅम. रक्तस्राव होत नसेल तर केवळ आकडा सुधारण्यासाठी प्लेटलेट देत बसू नये. नुसता मेंदूज्वर असेल तर पाणी तोडू नका. उशाकडची बाजू ३० अंश वर ठेवा आणि फिट आली तर लगेच औषध द्या.

सोबतच्यांचं काय

अँटिबायोटिकचे २४ तास झाले की रुग्णाला वेगळं ठेवण्याची गरज संपते. आरोग्य खात्याला मात्र संशयावरच कळवायचं, अहवालासाठी थांबायचं नाही. गेल्या सात दिवसांत त्याच घरात राहिलेले, एकाच खोलीत झोपलेले, चुंबन घेतलेले लोक, आणि मास्कशिवाय श्वासनळीत नळी घालणारे किंवा कफ अंगावर उडालेले कर्मचारी, यांना प्रतिबंधक औषध लागतं. बाकीच्या सहकाऱ्यांना आणि भेटून गेलेल्यांना लागत नाही. हे समजावून सांगायला दहा मिनिटं खर्च करावी, कारण घबराट आजारापेक्षा जोरात पसरते.

औषध शक्यतो २४ तासांत : सिप्रोफ्लोक्सासिन ५०० मिलिग्रॅम एकदाच. जिथे त्याला दाद न देणारे जंतू आढळलेत तिथे, किंवा गरोदर स्त्रीला, सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन २५० मिलिग्रॅम स्नायूत एकदा. रिफॅम्पिसिन ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन दिवस हाही पर्याय आहे; त्याने लघवी आणि अश्रू केशरी होतात आणि गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो, हे आधीच सांगा. औषध घेतलेल्यालाही पुढच्या आठवड्यात ताप आला तर त्याने तातडीने दाखवायचं.

घरी जाताना

घरी सोडण्यापूर्वी, किंवा उशिरात उशिरा चार आठवड्यांत, श्रवणचाचणी करा. ‘ऐकू येतंय ना?’ ‘हो’ एवढ्यावर भागत नाही. एका कानाचं बहिरेपण रुग्णाच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर पुन्हा ताप आणि गुडघा सुजला तर दर वेळी जंतू परतलेला नसतो. शरीराच्या प्रतिकारातून येणारा संधिदाह या टप्प्यावर दिसतो. काळी पडलेली बोटं कापायची घाई करू नये. मृत भाग आणि जिवंत भाग यांच्यातली रेषा स्पष्ट व्हायला आठवडे लागतात आणि बरंच वाचतं. थकवा, विसराळूपणा, झोप उडणं, उदासी महिनोन्‌महिने राहू शकते. हे आधी सांगितलेलं असलं की माणूस स्वतःला आळशी समजून कुढत नाही.

आजार दुसऱ्यांदा झाला असेल किंवा कुटुंबात आणखी कुणाला होऊन गेला असेल तर रक्तातल्या कॉम्प्लिमेंट प्रथिनांची (जंतू मारायला मदत करणारी प्रथिनं) तपासणी करून घ्या. ती कमी असलेल्यांना, प्लीहा नसलेल्यांना आणि एक्युलिझुमॅब (हीच प्रथिनं रोखणारं औषध) घेणाऱ्यांना या जंतूच्या ए-सी-डब्ल्यू-वाय गटांवरची आणि बी गटावरची अशा दोन्ही लसी लागतात. त्यातही एक्युलिझुमॅबवरच्या रुग्णाने लस घेतली असली तरी धोका उरतोच. त्याला ताप आला की आधी रुग्णालय गाठायचं, आणि डॉक्टरांनी आधी अँटिबायोटिक देऊन मग कारण शोधायचं.